हिस्टोने, जनुकांचे आवेष्टन व दात्रकोशिका पांडुरोग

हिस्टोने ही सुकेंद्रकी जीवांच्या (ज्यांच्या कोशिकेत पटलाने वेढलेले केंद्रक असते अशा जीवांच्या) केंद्रकात डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाशी (डीएनएशी) निगडित असणारी क्षारधर्मी प्रथिने होत. डीएनएचा लांब धागा त्यांच्याभोवती गुंडाळला जातो व त्यामुळेच तो केंद्रकात सामावू शकतो. ही गुंडाळणी म्हणजेच आवेष्टन कोठे घट्ट व कोठे सैल आहे, यावर त्या त्या भागातील जनुके (आनुवंशिक लक्षणे निर्देशित करणारे घटक) कार्य करणार की मूक राहणार, हे बऱ्याच अंशी ठरते. हा विषय वरवर पाहता केवळ प्रयोगशाळेपुरता वाटतो. तथापि महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत त्याचा संबंध घरोघरच्या आजाराशी येतो. या भागात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या दात्रकोशिका पांडुरोगाच्या (लोकांच्या बोलण्यात ‘सिकलसेल’च्या) रुग्णाच्या अस्थिमज्जेत त्याला या रोगापासून वाचवू शकणारी जनुके शाबूत असतात; जन्मानंतर काही महिन्यांत ती आवेष्टनात बंद होतात, इतकेच. ती कशी बंद होतात याची उकल होण्यास हिस्टोनांच्या शोधापासून सु. सव्वाशे वर्षे लागली.

रोग व प्रदेश : दात्र म्हणजे विळा. या रोगात रक्तातील तांबड्या कोशिकांचा चकतीसारखा गोल आकार बदलून विळ्यासारखा वाकडा होतो. शिकागो येथील वैद्य जे. बी. हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनेडा बेटातून शिकण्यासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा कोशिका पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग, एच. ए. इटानो व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये रुग्णांचे हीमोग्लोबिन विद्युत् क्षेत्रात निरोगी माणसाच्या हीमोग्लोबिनाहून वेगळ्या वेगाने सरकते असे दाखविले आणि या विकाराला ‘रेणवीय रोग’ असे नाव दिले. एखाद्या रोगाचे मूळ एकाच रेणूच्या घडणीत आहे, असे सिद्ध होण्याचे हे पहिले उदाहरण होय. हा फरक किती सूक्ष्म आहे, ते व्ही. एम. इंग्रॅम यांनी १९५६–५७ मध्ये केंब्रिज येथे शोधून काढले. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल येते, बाकी सर्व शृंखला जशीच्या तशी असते. एवढ्या बदलाने ऑक्सिजन सोडून दिलेले हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस चिकटून ताठ तंतू बनतात व कोशिका वाकते. निरोगी तांबडी कोशिका सु. १२० दिवस टिकते, तर वाकलेली कोशिका १० ते २० दिवसांतच नाश पावते. शिवाय अशा कोशिका बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. त्यामुळे तान्ह्या मुलांच्या हातापायांना येणारी सूज, सांध्यांतील व हाडांतील असह्य वेदनांचे वारंवार येणारे झटके, प्लीहेची (पानथरीची) वाढ, कावीळ व जंतुसंसर्गांस सहज बळी पडणे, अशी लक्षणे दिसतात. दोष आई व वडील या दोघांकडून आला तरच हा रोग होतो. एकाकडूनच आला, तर ती व्यक्ती केवळ वाहक असते व सामान्यतः निरोगी जीवन जगते. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते.

भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये एच. लेहमन व मेरी कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. त्याच वर्षी आसामातील चहाच्या मळ्यांवरील मजुरांतही त्याची नोंद झाली. विदर्भातील नोंद त्यानंतर थोड्याच वर्षांची आहे. आर. एन. शुक्ल व बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपूर येथील पाहणीवरून मध्य भारतात हा दोष असल्याचे प्रसिद्ध केले. नागपूरच्या या व नंतरच्या पाहण्यांतून हा दोष आदिवासींपुरता मर्यादित नसून अनुसूचित जाती तसेच कुणबी, तेली इ. समाजांतही आहे, असे स्पष्ट झाले. तरीही हा ‘आदिवासींचा आजार’ हा समज वैद्यकांतही बराच काळ टिकून राहिला आणि तो महागात पडला. सांधेदुखीने रडणाऱ्या मुलावर संधिवाताचे, तर फिकट पडलेल्या मुलावर केवळ लोहाच्या न्यूनतेचे उपचार होत राहिले. पुण्यातील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील एस. एल. काटे व त्यांचे सहकारी यांनी राज्यातील जमातींची अनेक वर्षे पाहणी केली. त्यांच्या मते वाहकांचे प्रमाण जमातीगणिक शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत बदलते. भिल्ल, पावरा, परधान व माडिया यांच्यात ते २० ते ३५ टक्के इतके उच्च आहे. यांपैकी माडियांची वस्ती मुख्यत्वे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील भामरागड, एटापल्ली या तालुक्यांच्या जंगलात आहे. (हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला, त्यापूर्वीच्या पाहण्यांत ‘चंद्रपूर’ असा उल्लेख असेल, तर त्यात हा प्रदेशही येतो.)

एवढा घातक दोष वस्तीत टिकून कसा राहिला, याचे उत्तर जंगलातच आहे. ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून असे दाखविले की, या दोषाच्या वाहकांना घातक प्रकारच्या हिवतापापासून संरक्षण मिळते. गडचिरोली हा महाराष्ट्रातील हिवतापाचा सर्वांत जुना व चिवट बालेकिल्ला आहे. हिवतापाने पिढ्यान् पिढ्या मुले दगावत असता वाहक मुले तुलनेने अधिक जगली व त्यांच्याबरोबर दोषही जगला.

गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आरंभीच्या काळातच सिकलसेलच्या प्रसाराची पाहणी केली होती. तो बराच पसरलेला असल्याचे दिसून आले. परंतु लोकांना हा प्रश्न त्या वेळी निकडीचा वाटत नव्हता, असे बंग यांनी नमूद केले आहे. यात नवल नाही. न्यूमोनिया, हिवताप व अतिसार यांनी मुले दगावत असताना, ज्यावर देण्याजोगे औषधच नाही अशा आजाराचे केवळ निदान सांगणाऱ्याला गावाने काय म्हणावे? उपचाराची वाट उघडण्यासाठी शरीरानेच पुढे केलेल्या एका सूचनेचा पाठपुरावा व्हावा लागला.

जन्मानंतरचा बदल : ती सूचना न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ञ जॅनेट वॉटसन यांना १९४८ मध्ये मिळाली. रोगाचा दोष घेऊन जन्मलेल्या अर्भकांच्या रक्तात विळ्यासारख्या कोशिका फारच थोड्या असतात व पहिले काही महिने ती आजारीही पडत नाहीत. याचे कारण असे की, गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा शृंखलांच्या जागी गॅमा शृंखला असतात व इंग्रॅम यांनी शोधलेला दोष बीटा शृंखलेत असल्याने गर्भ-हीमोग्लोबिनात तो नसतो. शिवाय गर्भ-हीमोग्लोबिनाचा रेणू दोषयुक्त रेणूंच्या तंतूत शिरत नाही, त्यामुळे तंतू वाढण्यास अडथळा होतो. जन्माच्या वेळी रक्तातील बहुतांश हीमोग्लोबिन या प्रकारचे असते. वर्षाच्या आत त्याचे प्रमाण झपाट्याने घसरते व प्रौढ निरोगी माणसात ते एक टक्क्याच्या आसपास उरते. रोगाची लक्षणे नेमकी याच काळात उमटू लागतात.

मनुष्याच्या अकराव्या गुणसूत्रावर ही जनुके एका रांगेत आहेत : प्रथम भ्रूणावस्थेतील एप्सिलॉन, मग गर्भावस्थेतील दोन गॅमा, त्यानंतर डेल्टा व शेवटी बीटा. रांगेतील क्रम व आयुष्यात ती जनुके कार्यान्वित होण्याचा क्रम एकच आहे. प्रौढपणी गॅमा जनुके नष्ट होत नाहीत वा त्यांच्यात बिघाडही होत नाही. मग ती गप्प का होतात? या प्रश्नाचे उत्तर जनुकाच्या मजकुरात नव्हते, तो मजकूर ज्यात गुंडाळलेला आहे त्या वेष्टनात होते.

हिस्टोनांचा शोध : योगायोग असा की, हिस्टोनांचा इतिहासही तांबड्या रक्तकोशिकांपासूनच सुरू होतो. फ्रीड्रिख मीशर यांनी १८६९ मध्ये पुवातील कोशिकांच्या केंद्रकांतून ‘न्यूक्लिइन’ (म्हणजे आजचे डीएनए व त्याच्याशी निगडित प्रथिने) वेगळे केले होते. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये हंसाच्या तांबड्या रक्तकोशिकांपासून एक क्षारधर्मी प्रथिन मिळविले व त्यास हिस्टोन हे नाव दिले. पक्ष्यांच्या तांबड्या कोशिकांत केंद्रक असते, म्हणून हे शक्य झाले. मनुष्याची तांबडी कोशिका अस्थिमज्जेतून बाहेर पडण्यापूर्वीच आपले केंद्रक टाकून देते. तिच्या हीमोग्लोबिनाबाबतचे निर्णय त्याआधीच झालेले असतात. कोसेल यांना १९१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हेरिक यांचा निबंधही त्याच वर्षीचा; मात्र या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्याही मनात आले नसेल.

यानंतर बराच काळ हिस्टोनांकडे केवळ बांधणीचे साहित्य म्हणून पाहिले गेले. एडगर व एलेन स्टेडमन यांनी १९५० मध्ये एडिंबरो येथे असे सुचविले की, निरनिराळ्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) निरनिराळी जनुके दडपून टाकण्याचे काम हिस्टोने करीत असावीत. र्‍यू-चिह ह्वांग व जेम्स बॉनर यांनी १९६२ मध्ये वाटाण्याच्या रोपांपासून काढलेल्या द्रव्यावर प्रयोग करून हिस्टोनांनी झाकलेल्या डीएनएपासून रिबोन्यूक्लिइक अम्लाचे (आरएनएचे) संश्लेषण होत नाही, असे दाखविले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील व्हिन्सेंट ऑलफ्री, आर. फॉकनर व ए. ई. मिर्स्की यांनी १९६४ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. हिस्टोनांना ॲसिटिल गट जोडले गेले असता हा अडथळा कमी होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे दडपण कायमचे नव्हते, ते कमीजास्त करता येण्याजोगे होते. हा निष्कर्ष काळाच्या फार पुढे होता व तीस वर्षे जवळजवळ बाजूलाच पडला.

आवेष्टनाची रचना : मनुष्याच्या एका केंद्रकातील डीएनए सरळ केले, तर त्याची लांबी सु. दोन मीटर भरते. केंद्रकाचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. हे कसे साधते, ते १९७४ मध्ये स्पष्ट झाले. अडा व डोनाल्ड ओलिन्स यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात क्रोमॅटीन (केंद्रकातील डीएनए व प्रथिने यांचे मिश्र द्रव्य) दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे दिसले. त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी प्रत्येक मणी आठ हिस्टोन रेणूंचा असतो, असे प्रतिपादन केले. एच२ए, एच२बी, एच३ व एच४ या चार प्रकारांचे प्रत्येकी दोन रेणू त्यात असतात. एच१ हा पाचवा प्रकार मण्याबाहेर धागा आवळून धरतो. या मण्याला पुढे न्यूक्लिओसोम हे नाव मिळाले. कॅरोलिन लूगर, टिमथी रिचमंड व सहकारी यांनी १९९७ मध्ये त्याची क्ष-किरणांच्या साहाय्याने अणुपातळीवरील रचना निश्चित केली. डीएनएच्या सु. १४७ आधारक-जोड्या मण्याभोवती सु. पावणेदोन वेढे घेतात व हे वेढे डावे असतात. डीएनएवर ऋण विद्युत् भार असतो, तर हिस्टोनांतील लायसीन व आर्जिनीन या ॲमिनो अम्लांवर धन भार. त्यामुळे दोन्ही एकमेकांस धरून ठेवतात. लायसिनाला ॲसिटिल गट जोडला की, तेथील धन भार नाहीसा होतो व पकड सैल होते.

अतिपीळ : गुंडाळणीबरोबर पिळाचा प्रश्न येतो. डीएनए हे मुळातच दोन सरींच्या दोरासारखे पिळलेले असते व दर साडेदहा जोड्यांना एक फेरा पूर्ण होतो. अंबाडीचा दोर वळताना दोन्ही टोके घट्ट धरून पीळ वाढवीत नेला, तर दोर स्वतःभोवतीच वेटाळू लागतो. उलट दिशेने पीळ काढला तर सरी सुट्या होऊ पाहतात, पण टोके सोडली नाहीत तर तेव्हाही वेटाळे पडतात. पिळलेल्या धाग्यावर पुन्हा पडणाऱ्या या पिळास अतिपीळ म्हणतात. पहिला धन व दुसरा ऋण. विषाणूंच्या वर्तुळाकार डीएनएमध्ये अतिपीळ असल्याचे जेरोम विनोग्राड यांनी १९६५ मध्ये दाखविले आणि १९७१ मध्ये जेम्स वांग यांनी हा पीळ उलगडणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) जीवाणूत शोधले. अशा एंझाइमांना आता टोपोआयसोमरेझे म्हणतात.

न्यूक्लिओसोमाभोवती डीएनए डाव्या वेढ्यांनी फिरते, म्हणून प्रत्येक मणी सु. एक ऋण अतिपीळ आपल्यापाशी साठवून ठेवतो. मणी उठला की साठवलेला ऋण पीळ मोकळा होतो व तो तेथील दोन सरी विलग होण्यास मदत करू शकतो. जनुक वाचले जाण्यासाठी सरी विलग व्हाव्याच लागतात. उलट वाचन सुरू झाल्यावर काय घडते, ते एल. एफ. ल्यू व वांग यांनी १९८७ मध्ये मांडले. आरएनए घडविणारे एंझाइम डीएनएवरून पुढे सरकते तेव्हा त्याच्या पुढे धन व मागे ऋण अतिपीळ जमा होतो. पुढचा धन पीळ वाटेतील मण्यांना सैल करतो, मागचा ऋण पीळ नव्याने मणी बसण्यास अनुकूल असतो व साचणारा जादा ताण टोपोआयसोमरेझे काढून टाकतात. आवेष्टन म्हणजे कुलूपबंद पेटी नव्हे. सतत उलगडत व पुन्हा वळत राहणारी ती यंत्रणा आहे. मात्र ही यंत्रणा प्रत्येक जनुकाला सारख्याच सुलभतेने वाट देत नाही.

हीमोग्लोबिन जनुकांवरील पुरावा : कार्यरत जनुकांचे आवेष्टन खरोखरच निराळे असते, याचा पहिला ठोस पुरावा हीमोग्लोबिनाच्याच जनुकांनी दिला. हॅरल्ड वाइनट्रॉब व मार्क ग्राउडीन यांनी १९७६ मध्ये कोंबडीच्या पिलांच्या रक्तकोशिकांची केंद्रके डीएनएज या डीएनए तोडणाऱ्या एंझाइमाच्या स्वाधीन केली. हीमोग्लोबिनाच्या शृंखलांची जनुके झटकन तुटली. त्याच केंद्रकांतील अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या प्रथिनाचे जनुक मात्र टिकून राहिले. संयोजी ऊतकाच्या कोशिकांत हीमोग्लोबिनाची जनुकेही तशीच सुरक्षित होती. जनुके सर्वत्र तीच. रक्त घडविणाऱ्या कोशिकेत ती उघडी व इतरत्र झाकलेली. पुढे मनुष्याच्या जनुकरांगेच्या बऱ्याच अलीकडे डीएनएजला अत्यंत संवेदनशील अशा जागांचा एक समूह सापडला व १९८७ मध्ये फ्रँक ग्रोस्व्हेल्ड यांनी तो साऱ्या रांगेचे नियंत्रण करतो, असे दाखविले. हे नियंत्रक क्षेत्र डीएनएचा फास घालून ज्या जनुकाला प्रत्यक्ष भिडते, ते जनुक जोमाने कार्य करते, हे २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले. गर्भावस्थेत ते गॅमाशी भिडते, जन्मानंतर बीटाशी.

ऑलफ्री यांच्या जुन्या निष्कर्षाला १९९६ मध्ये पुन्हा उजाळा मिळाला. डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेला टेट्राहायमेना या एककोशिक प्राण्यात हिस्टोनांस ॲसिटिल गट जोडणारे एंझाइम मिळाले व ते जनुके चालू करणाऱ्या एका परिचित प्रथिनासारखेच निघाले. त्याच वर्षी स्ट्यूअर्ट श्रायबर यांच्या गटाने ॲसिटिल गट काढून टाकणारे, म्हणजे आवेष्टन पुन्हा आवळणारे एंझाइम ओळखले. राहिला प्रश्न एवढाच : हे आवळणारे एंझाइम गॅमा जनुकांपाशी कोण नेते? याचे उत्तर लंडन, सार्डिनिया व बॉस्टन येथील गटांच्या कामातून २००७–०८ मध्ये मिळाले. गर्भ-हीमोग्लोबिन अधिक असलेल्या व्यक्तींच्या जनुकसंचांची तुलना करता बीसीएल११ए या जनुकाकडे बोट वळले. विजय शंकरन व स्ट्यूअर्ट ऑर्किन यांनी २००८ मध्ये दाखविले की, या जनुकाचे प्रथिन कमी केले असता गॅमा शृंखला पुन्हा तयार होऊ लागतात. हे प्रथिन ॲसिटिल गट काढणारी एंझाइमे आपल्याबरोबर आणते. ते गॅमा जनुकांच्या प्रारंभाजवळील नेमक्या कोणत्या अक्षरक्रमावर बसते, तेही २०१८ मध्ये निश्चित झाले. वॉटसन यांच्या निरीक्षणाची कारणमीमांसा अशा रीतीने ७० वर्षांनी पूर्ण झाली.

भारतीय रुग्णांचे वैशिष्ट्य : सिकलसेलचा दोष सर्वत्र एकच असला, तरी त्याच्या आजूबाजूचा डीएनए-मजकूर प्रदेशानुसार भिन्न असतो. ए. ई. कुलोझिक व सहकारी यांनी १९८६ मध्ये ओरिसातील व पूर्व सौदी अरेबियातील रुग्णांत एकच, आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळा असा प्रकार असल्याचे दाखविले. त्यास अरब-भारतीय प्रकार म्हणतात. हा दोष आशियात स्वतंत्रपणे उद्भवला असावा, असे त्यावरून त्यांनी अनुमान केले. २०१८ मधील एका जनुकसंचव्यापी अभ्यासाचा कल मात्र सु. ७,३०० वर्षांपूर्वीच्या एकाच उगमाकडे आहे. या प्रकारात गॅमा जनुकाच्या आधी १५८ व्या स्थानी एका अक्षराचा बदल असतो व त्याचा संबंध गर्भ-हीमोग्लोबिनाच्या वाढीव प्रमाणाशी असल्याचे १९८५ मध्ये आढळले होते. म्हणजे अरब-भारतीय प्रकारच्या रुग्णांत गॅमा जनुकांवरील झाकण जन्मतःच थोडे किलकिले राहते. त्यांच्यात गर्भ-हीमोग्लोबिन बहुधा १५ ते २५ टक्के असते.

यावरून भारतीय रुग्णांचा आजार सौम्य असतो, असे एक सार्वत्रिक विधान पाठ्यपुस्तकांत शिरले. विदर्भाच्या बाबतीत ते पुरते खरे नाही. मुंबई येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतील मलय मुखर्जी व सहकारी यांनी १९९७ मध्ये गुजरातमधील वलसाडचे आदिवासी रुग्ण व नागपूर भागातील आदिवासीतर रुग्ण यांची तुलना प्रसिद्ध केली. दोहोंत दोष तोच, प्रकार तोच व गर्भ-हीमोग्लोबिनही वाढलेले. तरीही नागपूरकडील रुग्णांचा आजार तीव्र होता. वलसाडच्या रुग्णांत आल्फा शृंखलेच्या जनुकांची न्यूनता फार मोठ्या प्रमाणावर आढळते व ती रोगाची धार कमी करते, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. शिवाय सरासरी २० टक्के गर्भ-हीमोग्लोबिन म्हणजे प्रत्येक कोशिकेत २० टक्के नव्हे. काही कोशिकांत ते भरपूर, तर काहींत नगण्य असते. आवेष्टन उघडण्याचा निर्णय अस्थिमज्जेतील प्रत्येक कोशिका स्वतंत्रपणे घेते आणि ज्या कोशिकांत झाकण बंद राहिले, त्याच रक्तवाहिन्या तुंबवितात.

उपचार : आवेष्टन औषधाने उघडता येईल काय, याचा पहिला प्रयत्न १९८२ मध्ये झाला. डीएनएवरील मेथिल गट कमी करणाऱ्या ५-ॲझासायटिडीन या द्रव्याने बबून माकडांत व पाठोपाठ थॅलॅसीमियाच्या एका रुग्णात गर्भ-हीमोग्लोबिन वाढले. मधुमेही मातांच्या अर्भकांत गॅमा शृंखलांचे उत्पादन लांबते, हे सुझन पेरीन यांनी १९८५ मध्ये पाहिले आणि त्या धाग्यावरून १९९३ मध्ये ब्युटिरेटाचा अल्प रुग्णांवर यशस्वी प्रयोग केला. ब्युटिरेट हे ॲसिटिल गट काढणाऱ्या एंझाइमांना रोखणारे द्रव्य आहे. पुढे त्याचा परिणाम सर्व रुग्णांत टिकला नाही.

व्यवहारात उपयोगी ठरले ते हायड्रॉक्सियूरिया हे जुने, स्वस्त व तोंडाने घ्यावयाचे औषध. ते हिस्टोनांवर सरळ काम करीत नाही. अस्थिमज्जेतील कोशिकांच्या विभाजनावर दाब आणून ते गर्भ-हीमोग्लोबिन असलेल्या कोशिकांचे प्रमाण वाढविते. त्याने प्रौढांतील वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात, असे अमेरिकेत १९९५ मध्ये सिद्ध झाले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील दीप्ती जैन व सहकारी यांनी मुलांना दर किलोग्रॅम वजनामागे रोज १० मिलिग्रॅम एवढी कमी व स्थिर मात्रा देऊन चांगला परिणाम मिळविला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. कमी मात्रेमुळे वारंवार रक्ततपासणीची गरज घटते. जेथून तालुक्याचे रुग्णालय गाठण्यास पावसाळ्यात नाले ओलांडावे लागतात, अशा गावांसाठी हा मुद्दा औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

बीसीएल११एच्या शोधाचे फळ २०२३ च्या अखेरीस हाती आले. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूलकोशिका काढून त्यांतील बीसीएल११एला रक्तकोशिकांत कार्यान्वित करणारा भाग जनुक-संपादनाने निकामी करावयाचा व त्या परत रुग्णात सोडावयाच्या, या पद्धतीला प्रथम ब्रिटनने व ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने मान्यता दिली. पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग वर्षभर तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले. सदोष बीटा जनुक जसेच्या तसे राहते. फक्त गॅमा जनुकांवरील झाकण उघडते. अमेरिकेत या उपचाराची किंमत रुग्णामागे २२ लक्ष डॉलर ठेवण्यात आली. त्याआधी जुनी अस्थिमज्जा तीव्र रसायनांनी नष्ट करावी लागत असल्याने अनेक आठवडे निर्जंतुक कक्षात राहणे अपरिहार्य असते. भामरागडच्या रुग्णाला या उपचाराचा उपयोग होण्यास किमतीइतकीच ही दुसरी अट आड येते.

मुंबईच्या वरील संस्थेच्या अखत्यारीतील हीमोग्लोबिन-विकारांचे संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्र चंद्रपूर येथे उभारण्यात आले व ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन, ही तिची उद्दिष्टे आहेत. वाहक ओळखणे व विवाहापूर्वी सल्ला देणे यांवर मोहिमेचा भर असला, तरी जन्मलेल्या मुलांच्या दृष्टीने नवजात अर्भकांची तपासणी अधिक तातडीची ठरते. येथे गर्भ-हीमोग्लोबिन पुन्हा आड येते. गावपातळीवर वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी (रक्ताच्या द्रावणास गढूळपणा येतो की नाही हे पाहणारी चाचणी) सहा महिन्यांखालील बालकांत विश्वसनीय नसते, कारण जे द्रव्य त्यांना आजारापासून वाचवीत असते, तेच रक्तातील दोषयुक्त हीमोग्लोबिनाचे प्रमाणही कमी ठेवते. म्हणून अर्भकाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर वाळवून तो हीमोग्लोबिनाचे प्रकार वेगळे करणाऱ्या यंत्राकडे पाठवावा लागतो. निदान वेळीच झाले, तर गॅमा जनुके मिटण्यापूर्वी पेनिसिलीन व न्यूमोनियाची लस सुरू करता येते. पाच वर्षांखालील रुग्णांचे मृत्यू मुख्यतः ज्या जंतुसंसर्गांमुळे होतात, त्यांना याच काळात अटकाव करावयाचा असतो.